शनिवारची न्हाणी

२३ जून, शुक्रवार

तिखोनचा फोन नाही. हा आठवडाही तसाच गेला.

बटाट्याच्या पानांवरचे किडे वेचले. बरणीभर निघाले. कापा आजी कुंपणापलीकडून म्हणाली, "अगं, येईल फोन. वाईट बातमी असती तर केव्हाच आली असती, तिला बरोबर रेंज मिळते." ही तिची धीर देण्याची तऱ्हा! शेजारी राहते म्हणून ऐकून घ्यायचं.

जानेवारीत त्या भाडोत्री फौजेच्या कंपनीची माणसं तिखोनच्या तुरुंगात आली होती. सहा महिने आमच्यासाठी आघाडीवर लढा, जगलात तर शिक्षा माफ, घरी जा. माझ्या शहाण्या लेकाने सगळ्यांत आधी हात वर केला. गोदामातली तांब्याची तार चोरतानाही असाच सगळ्यांच्या पुढे होता, म्हणून तर तो एकटाच सापडला. पुढच्या महिन्यात सहा महिने भरतील. भरू देत एकदा. मग मी त्याला अंगणातून बाहेर सोडणार नाही.

संध्याकाळी कापा आजी पुन्हा कुंपणावर. कंपनीचा मालक मोबाइलवर ओरडतोय, म्हणे. सैन्यातल्या बड्या साहेबांच्या नावाने.

"रोजच ओरडतो तो," मी म्हटलं.

"आज वेगळं ओरडतोय. निघालोय म्हणतो."

निघालाय तर निघू दे. मी झोपते.

२४ जून, शनिवार — सकाळ

खरंच निघालाय! रणगाडे, ट्रक, सगळं लटांबर घेऊन. दक्षिणेतलं मोठं शहर रात्रीत घेतलं, गोळी न झाडता. आता महामार्गाने वर, मॉस्कोकडे. म्हणजे आमच्या क्रास्नी लोग गावाच्या शेजारून.

बस स्थानकावर कामाला गेले तर फलाट रिकामे. व्होरोनेझची गाडी नाही, रोस्तोव्हची नाही, कुठलीच नाही. लोक माझ्या तिकीट खिडकीशी. उद्घोषणेचा माइक माझ्याकडे, पण बोलायचं काय? स्थानकाच्या साहेबांना विचारलं. साहेब घामाघूम. "तांत्रिक कारणामुळे म्हण."

"बंड झालंय, त्याला तांत्रिक कारण म्हणू?"

"शू! बंड म्हणू नकोस. अजून कुणी काहीच म्हटलेलं नाही."

मग मी तांत्रिक कारणच म्हटलं. बाकावरचा एक म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

नगरप्रमुखांचं ब्लडप्रेशर पहाटेच वाढलं, ते इस्पितळात. त्यांच्या दुय्यमांची कंबर धरलीय. फौजदार रोदिओन फोन बंद करून नदीवर गेलाय, मासे धरायला. अख्खं सरकार एका सकाळीत आजारी! आणि आमच्या साहेबांनी खुर्चीमागची राष्ट्राध्यक्षांची तसबीर उतरवली. "पुसायचीय," म्हणाले. सोळा वर्षं मी तिथे काम करते. ती तसबीर पुसलेली मी एकदाही पाहिलेली नाही.

पुसली तर नाहीच. कपाटामागे ठेवली, तोंड भिंतीकडे करून.

घरी आले तर कापा आजी टीव्हीसमोर. "बॅले लावलाय का बघते. मागच्या वेळी सरकार हललं तेव्हा दिवसभर बॅलेच होता." बॅले नव्हता. एक बाई कोबी चिरत होती. "मग काही होत नाही," आजी म्हणाली, आणि मीठ-काड्यापेट्या आणायला दुकानात पळाली.

माझा मुलगा त्या ट्रकांत असेल का? दुसरं काही सुचत नाहीये. हात रिकामे ठेवले तर वेड लागेल. शनिवार आहे, आमचा न्हाण्याचा वार. परसातली वाफेची न्हाणी तापवते.

२४ जून — दुपारनंतर

देवा! आला! स्वतःच्या पायांनी आला, फाटकातून!

नीट सगळं लिहिते.

न्हाणीत लाकडं भरत होते. फाटक वाजलं. दोघे बंदुकवाले. एक उंच, काळवंडलेला, गालांची हाडं वर आलेली. मी ओळखलंच नाही. म्हणाला, "आई, धूर रस्त्यावरून दिसला. म्हटलं, शनिवार दिसतोय." मग मी काय केलं ते आठवत नाही. दुसरा सांगतो की मी आधी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग गळ्यात पडले. मारली असेल.

दुसऱ्याचं नाव सव्वा. ताम्बोव्हकडचा, पुढचा दात तुटलेला, बडबड्या. दोघांचा तुरुंगही एकच. त्यांचे ट्रक महामार्गावर डिझेलसाठी थांबलेत. "फार तर दोन तास, आन्फिसा मावशी. भोंगा वाजला की पळायचं."

बंदुका मी पायरीवर ठेवायला लावल्या. काकडीच्या वाफ्यातून नेत होते, गाढव!

आधी न्हाणी. रीतीप्रमाणे बर्चच्या ओल्या डहाळ्यांनी दोघांनी एकमेकांना झोडपलं, आतून ओरडणं आणि हसणं. तिखोनचं हसणं! नंतर गार सूप दिलं, पाव आंबवून केलेल्या क्वासातलं — काकडी, मुळा, अंडं, वर पसाभर शेपू. आणि कोबीच्या पुऱ्या, कालच तळलेल्या. सव्वा एका घासाला एक पुरी.

"कुठे निघालात रे?" मी विचारलं.

"मॉस्कोला."

"आणि तिथे जाऊन काय करणार?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सव्वा म्हणाला, "ते मालकाला ठाऊक, मावशी. आम्हाला म्हणाले, वर सगळे चोर बसलेत, त्यांना हाकलायचं."

"मग तुम्हालाच पाठवलं ते बरं केलं. चोराला चोर ओळखू येतो."

सव्वा हसून लोळला. तिखोन हसला नाही. म्हणाला, "आई, समोर आपलेच असतील. त्याच गणवेशातले. तेवढं मनात येतं." आणि मग न्हाणीच्या बाहेरच्या खोलीत बाकावर आडवा झाला, जरा पाठ टेकतो म्हणून. पडल्या पडल्या झोपला. किती महिन्यांची झोप असेल ती!

भोंगा वाजला.

सव्वा बूट चढवत उठला. "तिखाला उठवतो."

मी दारात उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "नको रे उठवूस. तुझ्या पाया पडते, सव्वा, नको उठवूस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघतो तरी, मावशी," आणि मला हळूच बाजूला करून आत गेला. आतून हाक ऐकली — तिखा, ए तिखा! दोनदा. मग काहीच नाही. बाहेर आला, दार अलगद लोटून घेतलं.

"पार गाढ झोपलाय. झोपू दे. मॉस्को काय पळून जातंय? परत येताना उचलतो त्याला. कुणी विचारलं तर सांगेन, पाय मुरगळला म्हणून." आणि तिखोनच्या वाटच्या पुऱ्या उचलून खिशात कोंबल्या. "या मात्र मी खातो."

गेला. ट्रक गेले. धूळसुद्धा बसली. तिखोन अजून झोपलाय. मी पायरीवर बसलेय, दोन्ही पाय दाराला लावून.

२४ जून — संध्याकाळ

उठला. भोंग्याचं विचारलं. वाजून गेला, मी म्हटलं. डोकं धरून बसून राहिला.

तेवढ्यात कापा आजी धावत — वय विसरून धावत! "वळले! मालक म्हणतो, माघारी! मिटलं सगळं!"

"म्हणजे? कोण जिंकलं?"

"ते नाही सांगितलं."

२५ जून, रविवार

तसबीर पुन्हा भिंतीवर. साहेब तिच्याखाली ताठ बसलेले. मला म्हणाले, "काल काही विशेष नव्हतं ना?" मी म्हटलं, "तांत्रिक कारण होतं." गाड्या सुरू झाल्या.

सव्वा परत आला नाही. फोन बंद. ट्रक तर वळले म्हणतात — मग?

तिखोन दिवसभर कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडत बसला. जूनमध्ये!

२६ जून, सोमवार

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडतोय.

सरकारच्या हिशेबी तो बंडखोर — त्या ट्रकांतून आला. कंपनीच्या हिशेबी तो पळपुटा — ट्रक सोडून राहिला. जे शेवटपर्यंत ट्रकात बसले त्यांना सगळं माफ म्हणे, वरूनच ठरलं. आणि माझा मधल्या मध्ये! सहा महिन्यांची माफी राहिली की गेली, कुणाला विचारू? सरकारने धरलं तर पुन्हा तुरुंग. कंपनीने धरलं तर — पळपुट्यांचं काय करतात ते आघाडीवरून आलेल्यांनी इथे सांगितलंय. ते मी लिहिणार नाही.

मग मी दोन गोष्टी रचल्या. फौजदार आला तर: तिखोन स्वतःहून उतरला, सरकारविरुद्ध जाणार नाही म्हणाला. कंपनीचा कुणी आला तर: तो जायला तडफडत होता, मीच न्हाणीला बाहेरून कडी घातली आणि बूट लपवले. जेवताना दोन्ही त्याच्याकडून म्हणून घेतल्या, शाळेत कविता घ्यायचे तशा.

"आणि खरं काय, आई?"

"खरं अजून ठरायचंय. खुर्चीत कोण टिकतो ते बघू."

त्याने ताट सरकवलं. म्हणाला, "मला नाही जमत हे." जमायला काय झालं! अख्खा देश शनिवारपासून दोन दोन गोष्टी पाठ करतोय. एकट्या माझ्याच मुलाला जड जातंय!

नंतर वाईट वाटलं. त्याच्या खोलीत दूध ठेवून आले.

२८ जून, बुधवार

आले. आणि आले ते दोघे एकदम!

आधी रोदिओन. गणवेश, टोपी, काखेत फाइल. अंगणातल्या मेजाशी बसला. मी चहा ठेवला, पहिली गोष्ट सांगितली. स्वतःहून उतरला, देशाशी इमान, वगैरे. तो मान डोलावत होता आणि जॅम चाटत होता. छान चाललं होतं.

तेवढ्यात फाटकाशी धुळीने भरलेली जीप. कंपनीचा माणूस. नाव सांगितलं नाही, मला सगळे सुतार म्हणतात म्हणाला. रुंद, शांत, एका हाताला तीनच बोटं. बसला, रोदिओनच्या बरोबर समोर. त्यालाही चहा दिला. काय करणार!

"तुमचा मुलगा शनिवारी ट्रकात नव्हता," सुतार म्हणाला. "का?"

एक तोंड आणि दोन गोष्टी! रोदिओन माझ्याकडे बघतोय, सुतार माझ्याकडे बघतोय, तिखोन दारात पांढरा फटक. मी कडीचं सांगितलं तर फौजदार म्हणेल आत्ता इमान म्हणत होतीस. इमान सांगितलं तर...

तोंडातून निघालं ते असं — "शनिवार होता. न्हाणी तापली होती. न्हाला, जेवला, झोपला."

दोघांच्या कपांत मी पुन्हा चहा ओतला.

"झोपलेल्याला मी उठवत नाही," मी म्हटलं. "तुमच्या आया उठवत असतील."

सुतार चहात बघत राहिला. मग विचारलं, "न्हाणीतली डहाळ्यांची जुडी बर्चची होती का ओकची?"

"बर्चची."

"माझी आईही बर्चचीच करायची." मग रोदिओनकडे वळला. "आणि तुम्ही कुठे होतात शनिवारी, फौजदारसाहेब? अख्ख्या महामार्गावर एक टोपी दिसली नाही."

रोदिओन लाल झाला. "मासे धरत होतो."

"मिळाले?"

"नाही."

आणि दोघे हसायला लागले! खो खो! मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शनिवारपासून अख्खं गाव ज्याच्या भीतीने दारं लावून बसलं होतं, ते सगळं त्या मेजावर चहा पीत होतं आणि भ्यालेलं होतं. सुतार म्हणाला, "खरं सांगू? मी कुणाचा माणूस आहे हे मलाच कळत नाही. कंपनी आहे की गेली, तेही माहीत नाही. सैन्याकडे सही करा म्हणतात, नाही तर बेलारूसला जा, नाही तर घरी. मोडलेल्या घरातली भांडी वाटावीत तसं आम्हाला वाटतायत."

रोदिओनने फाइल उघडली, "सुट्टीवर, आईकडे" असं लिहिलं, आणि मिटली. सुतार म्हणाला माफीचं त्याच्याकडून पक्कं, सहा महिन्यांना उरलेत ते दिवस कोण मोजतोय आता.

सुटले! असं मी मनात म्हणत होते. तेव्हा तिखोनने विचारलं, "आणि सव्वा?"

सुतार हसायचा थांबला. "तुला नाही कळलं? सैन्याच्या हेलिकॉप्टरमधून मारा झाला, इथून पुढे तासाभरावर. त्यांचा ट्रक. सगळा जळाला."

तिखोनने दाराची चौकट धरली. सुतार उठता उठता म्हणाला, "तुझी जागा त्याच्याच शेजारी होती ना?" चांगल्या मनाने म्हणाला असेल. नशीबवान आहेस, अशा अर्थाने.

१ जुलै

शनिवार. न्हाणी तापवली. तिखोन आत गेला नाही. घमेल्यात पाणी घेऊन अंगणात न्हाला, कोंबड्यांसमोर.

९ जुलै

चर्चमध्ये सव्वासाठी मेणबत्ती लावली. पाद्रीबाबांना सांगितलं, मी एकाला उठवू दिलं नाही, म्हणून दुसरा एकटा गेला. ते म्हणाले, आईपण हे पाप नाही. मी म्हटलं, बाबा, तुम्ही त्या दारात उभे नव्हता.

माझं असं आहे — पुन्हा तो शनिवार आला तर पुन्हा तशीच उभी राहीन. आणि तरी त्या पोराच्या खिशातल्या पुऱ्या मला दिसतात. दोन्ही खरं आहे. हे तिखोनला सांगत नाही. त्याने हे ओझं घेऊ नये म्हणून तर मी घेतलंय. तो निर्दोष आहे, तो झोपला होता.

१७ जुलै

माफीचा कागद आला. तिखोनने वाचला नाही, शेगडीवरच्या फळीवर ठेवून दिला. कापा आजीने दोनदा वाचला, एकदा मोठ्याने.

२ ऑगस्ट

सव्वा गेला त्याचा चाळिसावा दिवस, त्याच्या नावाने जेवण घालायचा. त्याच्या आईने नंबर कुठून मिळवला कोण जाणे. येफ्रोसिनिया नाव, गाई राखते. बोलावलं होतं आम्हाला. तिखोनने नको म्हणून मान हलवली आणि परसात निघून गेला. मला लाज वाटली. गाड्या भरल्यात असं खोटं सांगितलं.

ती म्हणाली, "काही हरकत नाही, ताई. एवढंच विचारायचं होतं, तो शेवटचा तुमच्याकडे जेवला ना? काय जेवला?"

सांगितलं. सूप, काकडी, शेपू. पुऱ्या. किती खाल्ल्या, खिशात किती नेल्या. ती ऐकत होती. "कोबीच्या? कोबीच्या त्याला फार आवडायच्या." मग मला राहवेना. सांगून टाकलं — माझ्या मुलाला मी उठवू दिलं नाही, ताई. दारात आडवी उभी राहिले. तुमचा एकटा गेला.

तिच्या मागे गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. म्हणाली, "मी असते तर मीही नसतं उठवू दिलं." आणि रडायला लागली, आणि मीही. दोन बाया फोनवर. बिल वाढेल म्हणून तिनेच ठेवला.

तिखोनला हे सांगितलं. उठून बाहेर गेला. रागावले मी त्याच्यावर! तुझा मित्र होता, आणि त्याच्या आईशी बोलायला तोंड मात्र माझं!

२४ ऑगस्ट

कंपनीच्या मालकाचं विमान पडलं. सगळे गेले. कसं, का — टीव्हीवर एवढंच की चौकशी होईल. आमचे साहेब दिवसभर आनंदी, तसबीर खरोखर पुसली, ओल्या फडक्याने. कापा आजीने क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "तरी बॅले नाही लावला." रोदिओन रस्त्यात भेटला, दुसरीकडे बघत निघून गेला. लोकांना आता एकच गोष्ट पाठ करायचीय. सोपं झालं.

मला मालकाचं काही वाटलं नाही. त्याने हाक दिली आणि त्यानेच माघारी म्हटलं, आणि त्या दोन हाकांच्या मध्ये सव्वा जळाला. त्या पोराला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, मॉस्कोत जाऊन करायचं काय.

तिखोन बातम्या उभ्याने बघत होता. संपल्या तरी उभाच.

२५ ऑगस्ट

सकाळी चहा ओतत होते. तिखोन म्हणाला, "आई, मी जागा होतो. भोंगाही ऐकला. सव्वा वाकला तेव्हा डोळे उघडलेच गेले, आमची नजरानजर झाली. तो म्हणाला, 'झोपलायस तू.' मग बाहेर जाऊन तुला तेच सांगितलं."

सव्वाच्या आईकडे जायला ताम्बोव्हची गाडी साडेदहाची होती. तिखोनचं तिकीट मीच फाडून दिलं.